हिराजीमामाचा ब्रेक

हिराजीमामाच्या टमटमला ब्रेक आहे. चांगला आहे. दर पावसाळ्याआधी मामा स्वतः चाकं उघडून तो बघतो, साफ करतो, परत बसवतो. फक्त तो दाबायचा म्हटलं की त्याच्या जिवावर येतं.

"ब्रेक म्हंजे काय, भाऊसाहेब?" ओळख झाली त्याच दिवशी त्याने मला विचारलं होतं. मी खालापूरच्या सरकारी कचेरीत कारकून, राहायला कर्जतला. आमच्या भागात कचेरीतल्या कारकुनाला सगळेच भाऊसाहेब म्हणतात, त्यात माझं कर्तृत्व काही नाही.

"गाडी थांबवायचं साधन," मी म्हटलं.

"चूक. ब्रेक म्हंजे जाळलेला डिझेल. अरबस्तानातून बोटीत घालून आनला, कारखान्यात गाळला, टँकरनं कर्जतला पोचवला, मी तो टाकीत ओतला, गाडीला वेग दिला. आनि तुमी म्हनता, थांबव. पाय ठेवला की संपला सगळा. हे पाप कुठं फेडायचा?"

मी नुकताच बदली होऊन आलो होतो आणि मला दहाच्या आत कचेरी गाठायची होती. पाप नंतर फेडू, आधी खालापूर गाठा, असं मी म्हटलं. त्याला दोन वर्षं झाली. अजून मी त्याच टमटममध्ये आहे.

कर्जत स्टेशनाबाहेरून निघून पळसदरी, खोपोली करत खालापूरला जायचं आणि संध्याकाळी तसंच परत यायचं, हा मामाचा धंदा. वय साठीच्या आसपास, अंगात खाकी शर्ट, गळ्याला पंचा, आणि नजर सतत रस्त्याच्या उंचसखलपणावर. तुम्हाआम्हाला जो रस्ता दिसतो तो त्याला दिसतच नाही. त्याला नुसते चढ आणि उतार दिसतात. उताराला गाडी न्यूट्रलला टाकायची, फुकटात मिळेल तेवढा वेग पदरात पाडून घ्यायचा आणि त्यावर पुढचा चढ जमेल तितका चढायचा. हे कायद्यात बसत नाही, हे सरकारी माणूस म्हणून मला कळतं. मी डोळे मिटून बसतो.

आता ब्रेक मारायचा नाही, तर थांबायचं कुठे? जिथे गाडी आपण होऊन थांबेल तिथे. म्हणजे चढाच्या माथ्यावर. वेग संपत आलेला असतो, टमटम धापा टाकत असते, ब्रेकवर नुसता अंगठा टेकवला तरी पुरतं. आणि सुटताना पुढे उतार तयारच. त्यामुळे या रस्त्यावर मामाचे सगळे थांबे चढावर आहेत. एका गावाने सपाटीवर छान पत्र्याची शेड बांधली, बाकडं टाकलं, उद्घाटन केलं. तिथे आता शेळ्या राहतात. माणसं दोनशे पावलं पुढे, चढावर, उन्हात उभी असतात. भज्यांच्या गाडीवाल्याने महिनाभर शेडपाशी वाट पाहिली, मग मुकाट्याने आपली गाडी चढावर ढकलत नेली.

सपाटीवर कोणी हात केला तर मामा वेग न सोडता डोकं बाहेर काढून ओरडतो, "चढावर ये!" यात लहानमोठं, ओळखीचं-अनोळखी असा भेद नाही. सरपंचालाही हेच.

उतरण्याचा नियम वेगळा. तीन खांब आधी सांगायचं. विजेचे खांब. मग मामा आपला पाय उचलतो आणि गाडी हळूहळू मरत मरत तुमच्या दारापाशी येते. एकदा एक नवे जावईबुवा चढले. हातात मिठाईचा खोका, अंगाला अत्तर. सासुरवाडी अगदी शेजारी आल्यावर ते ओरडले, "थांबवा, थांबवा!" सासूबाई दारातच उभ्या होत्या. त्यांनी जावयाला पाहून हात हलवला, जावयाने खोका हलवला आणि टमटम दोघांच्या मधून निघून गेली. पुढच्या चढावर मामाने त्यांना उतरवलं आणि म्हणाला, "घर मागं राहिला? मंग चाला. चालायला तेल लागत नाय."

सकाळी मी आत बसलो रे बसलो की पहिला प्रश्न ठरलेला. "बॅरल?"

म्हणजे आज जगाच्या बाजारात कच्च्या तेलाचा भाव काय. मामाचा फोन साधा, बटणांचा. माझा बातम्या दाखवणारा. त्यामुळे वार्ताहराचं काम माझ्याकडे आपसूकच आलं. भाव उतरला असेल तर मामा गळ्यातला पंचा सैल करतो आणि कॉलेजला जाणाऱ्या पोरींना पुढच्या खांबापर्यंत सोडतो. चढला असेल तर गाडीत शिस्त येते. "हात आत घ्या, वारा अडतोय." "फुलाबाई, पाटी आडवी धर." एकदा तर मला म्हणाला, "भाऊसाहेब, जरा बारीक बसा." मी तेव्हापासून बारीकच बसतो.

फुलाबाई त्याच्याच गावची. खोपोलीच्या बाजारात भाजी विकते. मामाला अरेतुरे करणारी आमच्यात तेवढी एकच.

मामाचं सगळं अर्थशास्त्र एका वाक्यात आहे आणि ते वाक्य दिवसातून चारदा तरी ऐकावं लागतं. "तेल आपला नाय, म्हंजे भाव पन आपला नाय." आपल्याकडे भात होतो, आंबा होतो, करवंदं तर फुकट मिळतात. एक तेल तेवढं होत नाही. ते बाहेरून आणायचं.

"बरं, आनायचा तर ते लोक रुपये घेत नाय. डॉलर मागतात. तेल महागला की जादा डॉलर लागतात. सगळे डॉलरच्या मागं धावले की डॉलर पन महाग. म्हंजे तेल महाग, आनि ज्यानं ते घ्यायचा तो डॉलर पन महाग. इकडून कान पिळा नायतर तिकडून पिळा, कान आपलाच."

आमच्या कचेरीत एकदा याच विषयावर चाळीस पानी पुस्तिका आली होती. मी ती वाचून काढली. तिच्यात याहून जास्त काही नव्हतं, आणि मामाने हे सगळं एका चढापासून दुसऱ्या चढापर्यंत सांगून टाकलं होतं. आखातात भाव उतरला तरी आपल्या पंपावर तो लगेच का उतरत नाही, हे मी त्याला विचारलं. तो म्हणाला, "वर जाताना भाव एस्टीनं जातो. खाली येताना चालत येतो. त्यात वाटेत कर बसलेला असतो, तो त्याला बसवून घेतो, चहा पाजतो."

वस्तूतलं तेल हुडकणं हा त्याचा आवडता खेळ. बादली दिसली की म्हणणार, तेल. चपला, तेल. शेतात टाकायचं युरिया खत गॅसपासून होतं आणि तो गॅसही बोटीनेच येतो, हे कळल्यापासून त्याला ताटातल्या भातावरही संशय येऊ लागला. एकदा लग्नाला निघालेली एक नवरी करवलीसकट आमच्या टमटममध्ये बसली. शालू चकाकणारा, हातात प्लॅस्टिकचा चुडा, ओठांना लाली, नखांना रंग. मामाने आरशातून तिला नीट पाहिलं आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाला, "ही पोर डोक्यापासून नखापरत आयात हाय." नवरीने ते ऐकलं. करवलीने मामाचा जो उद्धार केला तो इथे लिहिता येणार नाही.

शनिवार-रविवारी मुंबई-पुण्याची मंडळी पळसदरीच्या धरणाकडे येतात. त्यातल्या एका साहेबांनी आपली मोठी गाडी झाडाखाली उभी करून, आत एसी लावून, झोप काढली होती. इंजिन चालूच. मामाला ते बघवेना. टमटम चढावर लावून तो उतरला, मागे चालत गेला, काचेवर टकटक केली आणि हात जोडून सांगू लागला, "सायेब, उभ्या गाडीत डिझेल जळतोय. आपल्या देशाचा हाय. म्हंजे नाय, म्हनूनच..." साहेबांनी काच चार बोटं खाली केली, दहाची नोट बाहेर सरकवली आणि काच वर केली. मामा नोट हातात धरून परत आला.

फुलाबाईचा तो वकीलही आहे. एकदा ती गाडीत बसल्या बसल्याच एका गिऱ्हाइकाला टोमॅटो देत होती. बाई म्हणाली, "परवा तर केवढे स्वस्त होते. तुम्ही लोक मनाला येईल तो भाव लावता." मामा मागे वळला. "ताई, भाव हिनं नाय वाढवला. होर्मुझनं वाढवला." त्या बाईने विचारलं, "हा होर्मुझ कोण? खोपोलीचा दलाल का?" मग मामाने तिला अरबस्तान, इराण, मधली चिंचोळी समुद्राची वाट, त्या वाटेने येणाऱ्या तेलाच्या बोटी, बोटी अडल्या की टेंपोचं भाडं आणि भाडं वाढलं की टोमॅटो, असा सगळा प्रवास घडवून आणला. बाईने थकून सांगितलेल्या भावात दोन किलो घेतले.

तर असा हा माणूस. थेंबाथेंबाला जपणारा. आणि म्हणूनच त्याची एक गोष्ट मला मुळीच समजत नव्हती.

संध्याकाळी परत येताना, पळसदरीच्या अलीकडे एक लांब उतार लागतो. उताराच्या तळाशी मोरी, म्हणजे रस्त्याखालून ओढ्याचं पाणी जायला बांधलेला छोटा पूल. आणि मोरी ओलांडली की लगेच या रस्त्यावरचा सगळ्यात उभा चढ. शहाण्या माणसाने उताराचा सगळा वेग जपून त्या चढावर घालायचा. इतर कोणीही तेच केलं असतं. पण सबंध दिवसात हिराजीमामा कचकचून ब्रेक मारतो तो नेमका तिथे, मोरीवर. गाडी ठार थांबते. तिथे कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. रस्त्याकडेला एका फार्महाऊसचं गंजलेलं फाटक आहे, त्याला कुलूप आहे. मामा अर्धा मिनिट समोर बघत बसतो. मग पहिला गिअर टाकतो आणि टमटम कण्हत, काळा धूर ओकत चढ चढते. सकाळी जाताना मात्र त्याच मोरीवरून सुसाट.

शिवाय संध्याकाळी मोरी येईपर्यंत त्याच्या शेजारची पुढची जागा तो कोणालाच देत नाही. मागे आम्ही एकमेकांच्या मांडीवर बसलेले असतो आणि पुढे जागा रिकामी. विचारलं तर म्हणतो, "वजन मागं पायजे." ब्रेकबद्दल विचारलं तर म्हणतो, "गाडी तापते." मी मान डोलावत असे. एवढ्या हुशार माणसात एखादी खोड असायचीच, असं मी धरून चाललो होतो.

आणि मग आखातात खरोखरच पेटलं.

रोज सकाळी मी "बॅरल" सांगायचो आणि रोज मामाचा पंचा गळ्याभोवती आणखी आवळला जायचा. बोटी अडल्या, त्यांचे विमे महागले, रुपया घसरला. मामाने वर्षानुवर्षं जे जे सांगितलं होतं ते सगळं ओळीने घडत गेलं, आणि आपलं खरं ठरल्याचा त्याला एवढासाही आनंद झाला नाही. स्टँडवरच्या बाकीच्यांनी भाडं वाढवलं. दोघांनी आपल्या टमटमी विकून टाकल्या आणि गॅसवरच्या गाड्या घेतल्या. मामा म्हणाला, "तो गॅस पन बोटीनंच येतो, बाबांनो." त्याने भाडं वाढवलं नाही. "आखातात भांडन झाला ते काय या पोरींनी केला? कालेजात जातात बिचाऱ्या."

पण असं किती दिवस चालणार? एका संध्याकाळी खालापूरला गाडी भरताना तो मला म्हणाला, "भाऊसाहेब, येवढा महिना बघतो. नायतर ही पन इकतो. घरी बसून तरी काय करायचा, पन इकतो."

खोटं कशाला सांगू, माझ्या मनात आधी आलं ते दहाच्या आत कचेरी कशी गाठायची. पण मग डोळ्यांसमोर आला तो टमटम नसलेला हिराजीमामा. अंगणात बसलेला, समोर एकही चढ नाही, उतार नाही, बॅरल कोणाला विचारणार तेही माहीत नाही. घरात तो एकटाच असतो एवढं मला ठाऊक होतं. बायको आधीच गेलेली, मुलगी लग्न होऊन पनवेलला.

आम्ही रोजच्या प्रवाशांनी ठरवलं, मामाचं डिझेल वाचवायचं. पोरी म्हणाल्या, आम्ही सगळ्या एकाच चढावर चढू. मी म्हटलं, ते ठीक आहे, पण खरी गळती कुठे आहे ते मी दाखवतो. आकडेमोड हा माझा पेशा आहे आणि त्याची मला थोडी घमेंडही आहे. मी गाडीचं वजन घेतलं, वेग घेतला, चढ पावलांनी मोजला, ओळखीच्या मेकॅनिकला पहिल्या गिअरचं खाणं-पिणं विचारलं. मोरीवरचा एक ब्रेक आणि त्यानंतरची ती चढण, यात वर्षाकाठी किती डिझेल जातं ते काढलं. कचेरीतल्या कागदावर तक्ता केला. सगळ्यात खाली, मोठ्या अक्षरात लिहिलं: वर्षाला सुमारे एक दहा लिटरचा डबा.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो तक्ता भर गाडीत वाचून दाखवला. फुलाबाई त्या दिवशी नव्हती, भाचीच्या लग्नाला गेली होती. शेवटी मी म्हणालो, "मामा, हा एक ब्रेक सोडलात की झालं. तुमचाच नियम आहे. ब्रेक म्हणजे जाळलेलं डिझेल." पोरींनी टाळ्या वाजवल्या. मामाने हात मागे करून तो कागद घेतला, खिशात घातला आणि म्हणाला, "बरोबर हाय."

त्या संध्याकाळी टमटम उतारावरून आली, मोरीवरून वाऱ्यासारखी गेली आणि अर्धा चढ फुकटात चढली. पोरींनी पुन्हा टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

पुढच्या दिवशी सकाळी मामाने मला बॅरल विचारलं नाही. मीच आपण होऊन सांगितलं. "असल," तो म्हणाला. त्या दिवशी कोणाला हात आत घ्यायला सांगितलं नाही. एका म्हाताऱ्याने सपाटीवर हात केला, तर मामा तिथेच ब्रेक मारून थांबला. भज्यांच्या गाडीवाल्याने चढावरून ते पाहिलं आणि त्याच्या हातातला झाराच थांबला. तिसऱ्या दिवशीही तसंच. संध्याकाळी पुढची जागा कोणीही बसावं अशी मोकळी. मोरी आली की मामा मान वळवून दुसरीकडे बघायचा. डिझेल वाचत होतं, आणि माणूस दिवसेंदिवस रिकामा होत चालला होता.

चौथ्या दिवशी फुलाबाई लग्नाहून परतली. मोरीवरून गाडी न थांबता गेली तशी ती दचकली. कर्जतला उतरल्यावर तिने मला बाजूला घेतलं.

"काय झाला याला? मोरीवर का नाय थांबला?"

मी अभिमानाने तक्त्याची हकिकत सांगितली. माझं बोलणं संपेपर्यंत फुलाबाईने पाटी खाली ठेवली होती आणि दोन्ही हात कमरेवर घेतले होते.

"भाऊसाहेब, तुमी शिकलेली मानसं. इचारायचा तरी एकदा."

मग तिने सांगितलं. मोरीजवळचं ते फार्महाऊस काही वर्षांपूर्वी चालू होतं. मामाची बायको, यमुना, तिथे स्वयंपाकाला होती. आलेल्या पाहुण्यांना भाकऱ्या करून घालायची. संध्याकाळी काम आटपून फाटकाबाहेर उभी राहायची, नवऱ्याच्या गाडीची वाट बघत. आणि हा उतारावरून यायचा, वेग न सोडता डोकं बाहेर काढायचा आणि बायकोला ओरडायचा, "चढावर ये गं!"

"ती रोज तो चढ चालत जायची. वर हा गाडी लावून बसलेला. गुडघे दुखायचे तिचे. म्हनायची, एक दिस तरी खाली थांबा. हा म्हनायचा, सगळ्यांना एक नियम नि बायकोला दुसरा, लोक काय म्हनतील? ती पन हसायची. वर येऊन याच्या बाजूला बसायची, पुढं. मी मागंच असायची ना. एकदा पन नाय थांबला मेला. एकदा पन नाय. मंग तिला ताप आला नि आठ दिवसांत गेली." फुलाबाईने पदराने नाक पुसलं. "तवापासून थांबतो. कोन नाय तरी थांबतो. आनि तुमी त्याचा डबा मोजलाव."

मला इतकी लाज वाटली की उभ्याउभ्या जमीन शोधू लागलो. माझ्या दहा लिटरच्या डब्यात मी काय काय ओतून टाकलं होतं!

घरी आलो, जेवण गेलं नाही. माफी मागावी तर कशी? आपल्याला कळलंय हे मामाला कळणं, हीच त्याला शिक्षा झाली असती. कुठेतरी काहीतरी करायला हवं होतं आणि मला तर आकडेमोडीखेरीज काही येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अर्धी रजा टाकली. एस्टीने पळसदरीला उतरलो आणि चालत मोरीवर येऊन फाटकापाशी उभा राहिलो. ऊन कलत होतं. ओढ्यात जेमतेम पाणी होतं. बऱ्याच वेळाने उताराच्या माथ्यावर टमटम दिसली. इंजिनाचा आवाज पडलेला, न्यूट्रलमध्ये, भरधाव. मी हात वर केला.

मामाने वेग सोडला नाही. सवयीने त्याचं डोकं बाहेर आलं आणि तो ओरडला, "चढावर ये!"

गाडी माझ्यासमोरून गेली. मोरी ओलांडली, चढाला लागली. माझा हात तसाच वर राहिला. आणि मग ब्रेकचा आवाज आला, असा की झाडावरचे पक्षी उडाले. टमटम चढावर थांबली. मग ती मागे येऊ लागली. रिव्हर्समध्ये, इंजिन चालू ठेवून, धूर सोडत. उभ्या आयुष्यात हिराजीमामाने प्रवाशासाठी गाडी मागे घेतली नसेल. ती घेत घेत तो मोरीवर आला आणि बरोबर फाटकापाशी थांबला.

"भाऊसाहेब? इथं काय करता?"

"गाडीची वाट बघतोय."

"चढावर थांबायचा म्हाईत नाय?"

"माहीत आहे, मामा," मी म्हटलं. "पण गुडघे दुखतात."

त्याने माझ्याकडे बघितलं. मागे बसलेल्या फुलाबाईकडे बघितलं. फुलाबाई ओढ्याकडे बघत होती. मामाने गळ्यातला पंचा काढला, शेजारची जागा झटकली आणि म्हणाला, "बसा."

मी बसलो. इंजिन चालूच होतं. मामा दोन्ही हात हँडलवर ठेवून समोरच्या चढाकडे बघत होता.

"भाऊसाहेब, तुमी सगळा हिशेब काढलाय. वर्षाचा डबा म्हनालात. एका दिवसाचा सांगा. एकदा थांबलो तर किती जातो?"

कागद त्याच्या खिशात होता, पण आकडा मला पाठ होता. तो मी तक्त्यात वर, बारीक अक्षरात लिहिला होता आणि वाचून दाखवला नव्हता.

"दोन चमचे, मामा."

"पोह्यांचे?"

"पोह्यांचे."

"दोन चमचे," तो म्हणाला. मग परत म्हणाला, "दोन चमचे." पंच्याने त्याने तोंड पुसलं, मग काच पुसली, काचेवर काही नसताना. "तिला चालवत होतो, भाऊसाहेब. दोन चमच्यांपायी."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. त्याने तो राहू दिला. मग मागून फुलाबाईचा आवाज आला, "चल रं हिराजी, आता. पोरींना घरी जायचाय."

त्याने पहिला गिअर टाकला. टमटम कण्हत कण्हत चढू लागली. माथ्यावर पोचल्यावर त्याने मागे वळून जाहीर केलं, "उद्यापासून भाडं वाढनार हां. आखाताचा थोडा, नि मोरीवरच्या थांब्याचा थोडा. कोनाला जड होत असल तर सांगा, त्याच्याकडनं मोरीचा घेनार नाय."

कोणी काही सांगितलं नाही. मोरीचे पैसे सगळेच देतात. गाडी विकायची गोष्ट पुन्हा निघालेली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत बसलो रे बसलो, तर मामाने विचारलं, "बॅरल?" मी सांगितलं, कालच्यापेक्षा वर आहे. त्याने पंचा आवळला आणि मला बारीक बसायला सांगितलं.

सपाटीवर तो अजूनही कोणासाठी थांबत नाही. शेळ्या शेडमध्येच आहेत. पण संध्याकाळी उतार संपला की टमटम मोरीवर उभी राहते, पुढची जागा रिकामी असते आणि आम्ही मागे एकमेकांच्या मांडीवर बसतो. कोणी चढत नाही, कोणी उतरत नाही. अर्ध्या मिनिटाने फुलाबाई म्हणते, "चल रं आता," आणि मग आम्ही निघतो.